तोंडासकट घेतलेला बॅक

"चेंडू आपलाच हाय, जातोय कुठं?"

समोरून तीन गडी धावत येत असत, चेंडू त्यांच्या पायात असे, आमचा गोलकीपर ओरडून ओरडून घायकुतीला आलेला असे, आणि अप्पा कमरेवर हात ठेवून शांतपणे हे वाक्य म्हणत. मग दोन पावलं पुढे टाकत. पुढे नेमकं काय होई ते कुणाला दिसत नसे. धूळ उडे, धूळ बसली की समोरचे दोघे जमिनीवर बसलेले असत आणि चेंडू खरोखरच आपला झालेला असे.

त्यांचं पुरतं नाव लिहिण्यात अर्थ नाही, कारण ते नाव घेतलं तर त्यांच्या गल्लीतल्या माणसालाही चटकन ओळख पटली नसती. सगळ्या गावाचे ते अप्पा. आमचं गाव कागदावर उस्मानाबाद आणि बोलण्यात धाराशिव. निजामाचं राज्य होतं. मी सरकारी शाळेत मास्तर होतो आणि गावच्या फुटबॉल टीमचा सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे चेंडूत हवा भरायची, सामन्याची वेळ मोजायची आणि पत्रं लिहायची. पत्रं उर्दूत लिहावी लागत, म्हणून तर मला घेतलं होतं. मला खेळता येत नव्हतं.

अप्पांचं बाजारात दुकान होतं. दावी, कासरे, वेसणी, बैलांच्या घुंगरमाळा. मूळ गाव बेंबळी, तिथं भावाबरोबर शेती. देह असा की दुकानाच्या दारात उभे राहिले की आत गिऱ्हाईक आहे की नाही ते कळू नये. टीममध्ये आम्ही हौसेनं अर्ध्या चड्ड्या शिवल्या होत्या, पण अप्पा धोतराचा काचा मारूनच उतरत. गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत नीट खोचत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ताजे ओढत आणि उजव्या बॅकला जाऊन उभे राहत.

त्या विभूतीचं एक होतं. अप्पांनी डोक्यानं चेंडू मारला की चेंडूवर पांढरा डाग उठे. सामना संपल्यावर डाग मोजून अप्पांनी किती चेंडू अडवले ते सांगता येई. आमचे कॅप्टन तहसील कचेरीत पेशकार, म्हणजे तहसीलदारांच्या हाताखालचे अधिकारी, होते. बारीक अंगाचे, टोकदार मिशांचे, नियमाला पक्के. ते चेंडू हातात फिरवून म्हणत, "अप्पा, आज तो गेंद बी तुमच्या मठात जाऊन आला, हौ!"

एवढा चांगला बॅक टीमनं काढून का टाकला, असं तुम्ही विचाराल. सांगतो. अप्पांना बोलल्याशिवाय राहवत नसे.

वर्षातून एकदा कानडी मुलखातल्या आळंदच्या टीमशी आमचा मोठा सामना होई. अव्वल तालुकदार, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टर, स्वतः खुर्ची टाकून बसत. त्या वर्षी शेवटची पाच मिनिटं राहिली होती, बरोबरी होती, आणि आळंदचा एक नवा पोरसवदा फॉरवर्ड चेंडू घेऊन सुसाट आला. अप्पा पुढे झाले. तो घाबरून कानडीत काहीतरी पुटपुटला. अप्पा थबकले.

"येन्पा, कुणाचा रं तू? कोणतं गाव?"

त्यानं धावता धावता गावाचं नाव सांगितलं. ते अप्पांच्या मामाचं गाव निघालं.

"मठाच्या मागल्या आळीतला? मग सिद्राम तूच की! तुझी आज्जी आराम हाय का? तिचं गुडघं कसं हाय?"

सिद्राम भला माणूस. आज्जीचं गुडघं बरं आहे असं त्यानं सांगितलं आणि गोल मारला.

आमचा गोलकीपर सरकारी दवाखान्यातला कंपौंडर होता. तो जाळीत पडल्या पडल्या रडला. पेशकारसाहेब तर तालुकदारांसमोर मान वर करीनात. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या ओसरीवर टीमची बैठक झाली, ठराव झाला आणि पत्र लिहायचं माझ्याकडे आलं. मी सुरेख उर्दूत लिहिलं की आपल्याला टीममधून बरतरफ करण्यात येत आहे. खाली टीमचा शिक्का मारला आणि कचेरीतल्या शिपायाकडे दिलं.

संध्याकाळी दारात अंधारल्यासारखं झालं. वर पाहिलं तर अप्पा.

"मास्तर, टीमचं पत्र आलंय. शिक्का लई झोकात हाय. म्हटलं तुमाकडून वाचून घ्यावं."

अप्पांना उर्दू अक्षर येत नव्हतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. पत्र हातात घेतलं. माझंच अक्षर माझ्याकडे बघत होतं. अप्पा समोर उकिडवे बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जसं काही बक्षीसच लागलंय. मी अडखळत वाचलं, "टीमच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे... आपल्याला... बरतरफ..."

"म्हंजे?"

मी पत्र उजेडाकडे धरलं. अप्पांनीच मला सोडवलं.

"तरफ म्हंजे बाजू, व्हय ना? मला बाजू बदलाय सांगितलंय. उजवीकडची डावीकडं!"

तुम्ही माझ्या जागी असतात तर खरं बोलला असतात, असं मी धरून चालतो. मी म्हणालो, "हो. तसंच काहीसं."

"चांगलं केलं. उजवीकडं ऊन लई डोळ्यात जातं." पत्राची घडी करून त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि खुशीत गेले.

रविवारी तुळजापूरच्या टीमशी सामना होता, पोलिसांच्या परेडच्या मैदानावर. अप्पांच्या जागी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरच्या एका कारकुनाला घेतलं होतं. त्याच्याकडे सोलापूरहून आणलेले खरे बूट होते, म्हणून. सामना सुरू झाला आणि मी बघतो तर डाव्या बाजूला आमच्या ड्रिल मास्तरांच्या शेजारी अप्पा काचा मारून उभे.

आणि आश्चर्य म्हणजे कुणाला काही वाटलंच नाही. पेशकारसाहेब पुढच्या फळीत खेळत, त्यांची पाठ इकडे. बाकीच्यांच्या नजरेला अप्पा मैदानावर असण्याची इतकी सवय होती की ते नसते तर चुकल्यासारखं वाटलं असतं. ते होते, त्यामुळे सगळं जागच्या जागी होतं. कंपौंडरला तर मी गोलमध्ये गुणगुणताना पाहिलं. एकट्या मला ठाऊक होतं. मी घड्याळात तोंड खुपसून बसलो.

आम्ही काय खेळलो त्या दिवशी! अर्ध्या वेळेपर्यंत दोन गोल चढवले. चेंडू विभूतीनं पांढराफेक झाला. अखेर तुळजापूरच्या कॅप्टननं हैराण होऊन बोटांवर आमची माणसं मोजायला सुरुवात केली. एकदा मोजली, दोनदा मोजली आणि तो किंचाळला, "अवो, हे बारा हायती!"

पंच असलेल्या जमादारांनी आम्हाला रांगेत उभं केलं. खरोखरच बारा. दोन्ही गोल रद्द झाले, सामना तुळजापूरला गेला. पेशकारसाहेब मिशा थरथरवत अप्पांसमोर आले. "अप्पा, तुमाला बरतरफ केलंय. काढलंय टीममधून! कैकू उतरले तुम्ही?"

अप्पांनी खिशातलं पत्र काढलं. पत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मास्तर, तुमाला उर्दू वाचता येतं ना?"

"येतं, अप्पा."

"मग हे लिव्हलंय कुणी?"

"मीच."

अप्पांनी पत्र पुन्हा उलगडलं, अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं. "अक्षर लई देखणं हाय तुमचं," ते म्हणाले. उपहास नव्हता त्यात. खरंच त्यांना तसं वाटलं होतं. मग काचा सोडून त्यांनी धोतर नीट केलं आणि परेडचं मैदान ओलांडून चालत गेले. त्या दिवशी ते कुणाशीही बोलले नाहीत. अप्पा बोलले नाहीत, एवढ्यावरून काय ते समजा.

नंतर ते दुकान पुतण्यावर सोपवून बेंबळीलाच राहू लागले. आमचे बूटवाले कारकून चेंडू आला की आधी बुटाकडे बघत, माती तर लागणार नाही ना म्हणून. आम्ही ओळीनं हरत गेलो. आणि हिवाळा सरता सरता बातमी आली की बेंबळीत टीम निघाली आहे. रानातली माणसं, सगळी अनवाणी, काढलेल्या तुरीच्या वावरात खेळतात. त्यांनी आम्हाला खेळायला बोलावलं. पेशकारसाहेब म्हणाले, "चला, जरा खेळ शिकवून येऊ."

आम्ही तीन-शून्य हरून आलो. तुरीची खुंटं पायात मोडली ती वेगळीच. अप्पा त्या दिवशी खेळले नाहीत, बांधावर उभे राहून आपल्या माणसांना हाका मारत होते. आम्हाला मात्र सगळ्यांना हुरड्याला बसवलं. माझ्याही हातावर गरम हुरडा ठेवला, पण नजर मिळवली नाही.

आळंदचा सामना पंधरा दिवसांवर आला, तेव्हा पेशकारसाहेबांच्या ओसरीवर पुन्हा बैठक बसली. विषय एकच. अप्पांना परत घ्यावं की घेऊ नये?

"सवाल उसूल का है," पेशकारसाहेब म्हणाले. "एकदा काढलेला माणूस परत घेतला, तर उद्या टीमच्या शिक्क्याला कोण विचारणार?"

ड्रिल मास्तर म्हणाले, "आणि समोर पुन्हा तोच सिद्राम आहे. या वेळी आज्जीच्या दुसऱ्या गुडघ्याची चौकशी होईल."

सगळे हसले. मग कंपौंडर उठला. त्या गोलनं रडलेला हाच माणूस, म्हणून तो विरोधातच बोलणार असं आम्ही धरलं होतं. तो म्हणाला, "साहेब, अप्पांनी माझ्यावर एक गोल होऊ दिला. कबूल. पण ते पुढं उभे असताना मला कधी भीती वाटली नाही. आता प्रत्येक सामन्याच्या आदल्या दिवसापासून माझं पोट बिघडतंय. दवाखान्यातलं औषध मीच पितोय."

हात वर झाले. पाच इकडे, पाच तिकडे. सेक्रेटरीला मत नव्हतं. पेशकारसाहेबांनी मिशीचं टोक पिळलं. मग माझ्याकडे वळले. "मास्तर, काढायचं पत्र तुम्ही लिहिलं. आता तुम्हीच जा. ते यायला तयार असले, तर माझं मत त्यांच्या बाजूला."

मी बैलगाडीनं बेंबळीला गेलो. या वेळी पत्र मराठीत होतं आणि शिक्का नव्हता. अप्पा अंगणात अंबाडीचा कासरा वळत बसले होते. मी पत्र पुढे केलं, तर म्हणाले, "वाचून दावा."

मी वाचलं. पुन्हा एकदा, सावकाश वाचलं. मग पत्रात नव्हतं तेही बोललो. म्हणालो, "अप्पा, त्या दिवशी मी घाबरलो. तुमच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. चुकलं माझं."

त्यांनी कासऱ्याचे दोन पीळ घातले. "काढलं त्याचं म्या मनात धरलं न्हाय, मास्तर. खेळ म्हटलं की काढत्यात, घेत्यात. पण म्या तुमच्या दारात बसून हसत होतो आन् तुमी मला हसू दिलं. त्ये लई लागलं."

मग तेच एकदम हसले, इतक्या मोठ्यानं की गोठ्यातला बैल उठून उभा राहिला. "बारा गडी! त्या तुळजापूरवाल्याचं तोंड बघितलंत का हो?" आम्ही दोघं पोट धरून हसलो. घरातून त्यांच्या बायको बघायला आल्या, की मास्तरांना काय झालं.

"येतो म्या," शेवटी डोळे पुसत अप्पा म्हणाले. "पण पेशकारास्नी सांगा, म्या बोलणार. माझ्यानं गप ऱ्हाववत न्हाय. घ्यायचं तर तोंडासकट घ्या."

मी हे जसंच्या तसं येऊन सांगितलं. पेशकारसाहेबांना मी पहिल्यांदाच दात दाखवून हसताना पाहिलं. "मुँह समेत मंजूर!" ते म्हणाले.

सामन्याच्या दिवशी अर्धं बेंबळी गाव गाड्या जुंपून आलं होतं. तालुकदारांच्या खुर्चीच्या मागे लोक झाडावर चढले होते. खेळ सुरू झाला आणि अप्पांचं तोंडही सुरू झालं. पंचांना ऊन लागतंय का विचारलं, आळंदच्या कॅप्टनला पाऊसपाणी विचारलं. पेशकारसाहेब पुढून ओरडत, "अप्पा, गेंद!" आणि अप्पा म्हणत, "व्हय, बघतोय की."

उत्तरार्धात आमच्या एका पोलीस जवानानं गोल केला. आता तो राखायचा होता. आणि शेवटी शेवटी सिद्राम सुटला. थेट अप्पांच्या अंगावर. कंपौंडरनं डोळे मिटले. मीही मिटणार होतो, पण घड्याळ बघायचं होतं.

"येन्पा सिद्राम, आराम?" अप्पा म्हणाले.

"आराम, मामा," सिद्राम चेंडू पुढे ढकलत म्हणाला. या वेळी तो थांबणार नव्हता.

"बरं झालं भेटलास. तुझ्यासाठी पोरगी बघितलीय."

सिद्रामचा पाय चेंडूवरून घसरला.

"लोहाऱ्याची. माझ्या साडूची ल्येक. गोरी हाय, सैपाक चांगला करती. तुझ्या आज्जीला निरोप गेलाय."

सिद्राम जागच्या जागी उभा राहिला. कानापर्यंत लाल झाला. तेवढ्यात अप्पांनी चेंडू त्याच्या पायातून अलगद काढून असा लाथाडला, की तो तालुकदारांच्या खुर्चीवरून उडून पार चिंचेच्या झाडात अडकला. चेंडू खाली काढेपर्यंत वेळ संपली. बेंबळीकरांनी अप्पांना उचलायचा प्रयत्न केला. सहा माणसं लागली, तरी जमलं नाही. मग अप्पांनीच पेशकारसाहेबांना उचलून खांद्यावर घेतलं आणि मैदानाला फेरी मारली. पेशकारसाहेब वरून ओरडत होते, "अप्पा, छोडो! तालुकदारसाहब देख रहे हैं!" तालुकदारसाहेब रुमालात तोंड खुपसून हसत होते.

पेशकारसाहेबांनी नंतर खूप वेळा विचारलं, "ती मुलगीची बात काढून तुम्ही त्याला फसवलंत ना? सच बोला." अप्पांना राग येई. "लग्नाच्या गोष्टीत कुणी खोटं बोलतं का?" आणि ते खरंच होतं. वैशाखात लोहाऱ्याला सिद्रामचं लग्न झालं. दोन्ही टीमा एका पंगतीला बसल्या. पेशकारसाहेब शेरवानी घालून आले आणि अप्पांनी त्यांना आग्रह करून करून इतक्या पोळ्या वाढल्या, की शेरवानीची दोन बटणं सोडावी लागली.

पुढची दोन वर्षं गावातली हवा वेगळीच झाली. माणसं एकमेकांकडे जपून बघू लागली, परेडचं मैदान खेळाला बंद झालं. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली. आनंद खूप झाला, मीही नाचलो. पण त्या पंधरवड्यात जे व्हायला नको होतं तेही आमच्या भागात झालं; मुसलमानांच्या घरांवर जमाव चालून गेले. अप्पा गाडी घेऊन धाराशिवला आले, पेशकारसाहेबांच्या घरच्या पाचही माणसांना गाडीत बसवलं आणि बेंबळीला आपल्या माडीवर नेऊन ठेवलं. स्वतः दारात बसून कासरे वळत राहिले. विचारायला आलेल्या लोकांना, मी समोर असताना, त्यांनी एवढंच सांगितलं, "माडीवर माझी टीम हाय." त्या दारातून कुणी आत गेलं नाही. अप्पा दारात असले की आत जायला जागाच नसे.

महिन्याभरानं पेशकारसाहेब हैदराबादला त्यांच्या भावाकडे निघाले. मलाही तेव्हा बार्शीच्या शाळेत नोकरी लागली होती, आणि हैदराबादची मोठी गाडीही बार्शीकडूनच पुढं जाऊन धरावी लागे, म्हणून बार्शीपर्यंत एकाच गाडीनं जायचं ठरलं. अप्पांनी आम्हाला येडशीच्या स्टेशनवर आणलं. डब्यात भाकरी, शेंगाचटणी, दह्याचं मडकं अशी वस्तूवर वस्तू चढवत राहिले. पेशकारसाहेबांच्या बेगमांना म्हणाले, "वैनी, दही वाटंतच खावा, आंबून जाईल." पेशकारसाहेबांनी खिडकीतून अप्पांचा हात धरून ठेवला होता.

अप्पा त्यानंतर सात-आठ वर्षं जगले. ते गेल्याचं मला उशिरा कळलं, कंपौंडरच्या पत्रातून. मी त्यांना पुन्हा भेटलो नाही. त्यामुळे माझ्याकडे त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते येडशीचंच.

ती छोट्या रुळांची गाडी हलली, तरी चालण्याच्याच वेगानं जायची. अप्पा हात धरून बरोबर चालू लागले. फलाट संपला तरी चालतच राहिले. गाडीनं जरा वेग घेतला तसे त्यांनी धोतर वर खोचलं आणि पळायला लागले. पन्नाशीचा तो प्रचंड माणूस रुळाच्या कडेनं पळत होता, धापा टाकत होता आणि हसत होता. पेशकारसाहेब खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडत होते, "अप्पा, बस! वापस जाव! पडाल, हौ!" त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तेही हसत होते. मग हात सुटला. पुढे रुळाला लागूनच ज्वारी उभी होती, पुरुषभर उंचीची. अप्पा तिच्यात शिरले तरी थांबले नाहीत. कणसांच्या वर त्यांचा पांढरा पटका तेवढा दिसत होता, आमच्या डब्याच्या बरोबरीनं पळणारा. वळण आलं, तेव्हाही तो पळतच होता.